‘फक्त २ बदल शिल्लक’: डीव्हीडीचा रीजन नेमका कुठे बदलतो?

बाई, सप्रेम नमस्कार. तुम्ही नेरुळहून विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुमची मुलगी बारा वर्षे न्यू जर्सीत राहून कुटुंबासह परत आली आणि तिकडे घेतलेल्या ३१ डीव्हीडी तिने सोबत आणल्या. इथल्या नाटकांच्या आणि चित्रपटांच्या ५८ डीव्हीडी तुमच्याकडे आधीपासून आहेत, शिवाय ब्रिटनमध्ये लेस्टरला राहणाऱ्या बहिणीने वेळोवेळी पाठवलेल्या ६ आहेत. लॅपटॉपमध्ये अमेरिकेतली डिस्क घातली की रीजन, म्हणजे जगाच्या कोणत्या विभागातल्या डिस्क चालवायच्या ते ठरवणारा आकडा, बदलायचा का, असे विचारणारी खिडकी उघडते. नातवाने एकदा तिथे होकार दिला, दुसऱ्या दिवशी मराठी चित्रपटाच्या डिस्कसाठी पुन्हा होकार दिला आणि आता तिथे ‘फक्त २ बदल शिल्लक’ असे दिसते. कोणत्या प्लेअरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कोणती सेटिंग केली म्हणजे सगळ्या डिस्क चालतील आणि हा आकडा पूर्वीसारखा होईल, असे तुम्ही विचारले आहे.

सर्वांत आधी एक विनंती करतो. हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत त्या खिडकीत ‘ओके’ दाबू नका आणि घरातल्या कोणाला दाबू देऊ नका. ‘कॅन्सल’ दाबल्याने काहीही बिघडत नाही. आकडा आहे तेवढाच राहतो. ठाण्याच्या नौपाड्यात मी गेली बावीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आहे आणि या एका खिडकीमुळे कायमचे अडकून पडलेले ड्राइव्ह (संगणकातले डिस्क वाचणारे यंत्र) मी इतके पाहिले आहेत की ही सूचना पहिल्यांदा द्यावी असे मला वाटते.

तुमच्या प्रश्नात एक समजूत गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे हा आकडा एखाद्या प्लेअरमध्ये साठवलेला आहे. तो तिथे नसतो. १ जानेवारी २००० नंतर तयार झालेल्या संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजन आणि उरलेल्या बदलांची संख्या ड्राइव्हच्या स्वतःच्या स्मृतीत लिहिलेली असते. प्लेअर काढून पुन्हा टाकला, विंडोज नव्याने घातली, हार्ड डिस्क बदलली, इतकेच काय, ड्राइव्ह खोलून दुसऱ्या संगणकाला जोडला तरी तोच रीजन आणि तोच आकडा समोर येतो. ठाण्याच्या टीएमटी बसच्या कंडक्टरने तिकिटाला पाडलेले छिद्र जसे बुजवता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. वापरणाऱ्याला एकूण पाच वेळा रीजन ठरवता येतो आणि कोऱ्या ड्राइव्हवर पहिल्यांदा रीजन ठरवणे हेही त्या पाचांतच मोजले जाते. तुमचा हिशेब त्यामुळे नीट जुळतो: लॅपटॉप नवा असताना कोणीतरी ५ ठेवला तेव्हा चार उरले, नातवाने १ केला तेव्हा तीन उरले आणि परत ५ केला तेव्हा दोन उरले. आकडा शून्यावर आला की जो रीजन त्या क्षणी असेल तोच कायमचा राहतो.

त्यापूर्वीचे ड्राइव्ह निराळे होते. त्यांत रीजनची तपासणी ड्राइव्ह करत नसे, ते काम प्लेअरवर आणि विंडोजवर सोडलेले असे, त्यामुळे तिथे प्लेअर बदलून किंवा विंडोजची नोंद बदलून मार्ग निघत असे. अनेकांना मित्रांकडून किंवा जुन्या मासिकांतून मिळालेले सल्ले त्या काळातले आहेत. ते त्या काळी खरे होते. तुमच्या लॅपटॉपला लागू पडत नाहीत.

आता रीजन म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९७ मध्ये बाजारात आली. चित्रपट तेव्हा सगळीकडे एकाच दिवशी प्रदर्शित होत नसे. अमेरिकेत डिस्क विक्रीला येई तेव्हा इतर देशांत तो चित्रपटगृहात लागायचा बाकी असे. तिकडची डिस्क इकडे येऊन चित्रपटगृहाचा धंदा बुडू नये आणि प्रत्येक बाजारात वेगळी किंमत ठेवता यावी, म्हणून जगाचे विभाग पाडले गेले. अमेरिका आणि कॅनडा १ मध्ये. युरोप, जपान, पश्चिम आशिया आणि दक्षिण आफ्रिका २ मध्ये. आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान आणि हाँगकाँग ३ मध्ये. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका ४ मध्ये. भारत, पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग ५ मध्ये. चीन ६ मध्ये. ७ राखीव आहे आणि ८ विमाने व जहाजांसाठी आहे. डिस्कवर या आठ विभागांसाठी आठ खुणा असतात आणि ज्या विभागात डिस्क चालू द्यायची नाही त्याची खूण लावलेली असते. एकही खूण लावलेली नसेल तर डिस्क सगळीकडे चालते. ज्याला आपण ‘रीजन शून्य’ म्हणतो तो वेगळा विभाग नसून खुणांचा अभाव आहे. म्हणूनच ड्राइव्हला ‘शून्य’ असा रीजन देण्याची सोय कुठल्याही सेटिंगमध्ये दिसत नाही आणि ती शोधण्यात वेळ घालवू नये.

ही माहिती तुमच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे, कारण भारतीय चित्रपटांच्या आणि नाटकांच्या पुष्कळ डिस्क परदेशातल्या आपल्या लोकांनाही विकता याव्यात म्हणून मुद्दाम सर्व विभागांसाठी काढलेल्या असतात. तुमच्या ५८ डिस्कची कव्हरे उलटी करून पाहा. मागच्या बाजूला, बहुधा खालच्या कोपऱ्यात, पृथ्वीच्या गोलाचे छोटे चिन्ह असते आणि त्यात आकडा किंवा ‘ऑल’ असा शब्द छापलेला असतो. माझ्या अनुभवात इथल्या डिस्कच्या ढिगात खरोखर ‘५’ लिहिलेल्या डिस्क थोड्याच निघतात, आणि त्याही बहुतेक परदेशी चित्रपटांच्या भारतीय आवृत्त्या असतात. नातवाने मराठी चित्रपटासाठी जो बदल खर्च केला, तो बहुधा गरजेचाच नव्हता. ती डिस्क रीजन १ वरही चालली असती. कव्हरे हरवली असतील तर चकतीच्या छापील बाजूवर हेच चिन्ह कधी कधी सापडते. तुमच्याकडे व्हीसीडी असतील तर त्या या हिशेबात धरूच नका. व्हीसीडीला रीजन नसतो, घरगुती लग्नाच्या डीव्हीडीलाही नसतो.

सध्याची स्थिती स्वतः पाहून घ्या, खिडकीतल्या वाक्यावर विसंबू नका. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डीव्हीडी ड्राइव्हच्या नावावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि तिथे ‘डीव्हीडी रीजन’ हा टॅब निवडा. वर देशांची यादी असते, खाली सध्याचा रीजन आणि उरलेल्या बदलांची संख्या दिसते. नुसते पाहिल्याने काही बदलत नाही. यादीतला देश निवडून ‘ओके’ दाबले तरच बदल होतो, म्हणून पाहून झाल्यावर ‘कॅन्सल’नेच बाहेर या. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘रीजनसेट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम हीच माहिती दाखवतो आणि बदल करण्याआधी विचारतो. मॅकवर निराळ्या रीजनची डिस्क घातली की ॲपलचा डीव्हीडी प्लेअर आपणहून उघडून ड्राइव्हचा रीजन विचारतो. तिथे सिस्टीमच्या सेटिंगमधील सीडी आणि डीव्हीडीच्या भागात जाऊन, व्हिडिओ डीव्हीडी घातल्यावर काहीही करू नये, असे ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

यानंतरची पायरी म्हणजे एकही बदल खर्च न करता अमेरिकेतली डिस्क चालते का ते पाहणे. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची अंगभूत सोय काढून टाकली आहे, त्यामुळे प्लेअर वेगळा घ्यावाच लागतो. मी व्हीएलसी सुचवतो. १९९६ साली पॅरिसच्या इकोल सेंट्रल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो सुरू झाला. तो मोफत आहे आणि मुख्य म्हणजे तो स्वतः रीजन विचारत नाही. डिस्क घाला, आपोआप उघडणारी खिडकी ‘कॅन्सल’ करा, व्हीएलसीच्या ‘मीडिया’ मेनूतून ‘ओपन डिस्क’ निवडा आणि ‘प्ले’ दाबा. पहिल्या वेळी चित्र यायला काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, तेवढे थांबा. दुसऱ्यांदा तीच डिस्क लवकर सुरू होते, कारण सापडलेल्या किल्ल्या संगणकावर साठवून ठेवल्या जातात.

हा वेळ का लागतो, हे समजून घेतले तर पुढचे सगळे स्पष्ट होते. विकत मिळणाऱ्या बहुतेक डीव्हीडींवर चित्र कुलूपबंद असते आणि किल्ल्या डिस्कवरच, पण सामान्य वाचनाला न दिसणाऱ्या जागी असतात. प्लेअरने रीतसर किल्ली मागितली की ड्राइव्ह आधी डिस्कच्या खुणा आणि स्वतःचा रीजन ताडून पाहतो. दोन्ही जुळले तर किल्ली देतो, जुळले नाहीत तर नकार देतो. नकार मिळाल्यावर व्हीएलसी कुलूपबंद मजकूर वाचून किल्ली गणिताने शोधून काढतो. ती फक्त ४० बिटांची आणि कमकुवत पद्धतीची असल्यामुळे आजच्या संगणकाला ते जमते. अडचण अशी की काही ड्राइव्ह रीजन जुळत नसताना तो कुलूपबंद मजकूरही वाचू देत नाहीत. अशा ड्राइव्हपुढे व्हीएलसीचाही इलाज चालत नाही आणि ‘इनपुट उघडता आले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. म्हणजे एकाच प्लेअरवर एकाच डिस्कबाबत शेजाऱ्याचा अनुभव वेगळा आणि तुमचा वेगळा असू शकतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. फरक ड्राइव्हचा असतो. अजून एकदाही रीजन न ठरवलेला कोरा ड्राइव्ह काही वेळा यापेक्षाही अडून बसतो, म्हणून नवा ड्राइव्ह घेतल्यावर त्याला एकदा रीजन देणे आवश्यक असते.

आता तुमच्या संख्यांकडे वळू. व्हीएलसीने अमेरिकेतली डिस्क चालवली तर विषय तिथेच संपला. रीजन ५ आणि दोन बदल आहेत तसे राहू द्या. चालवली नाही, तर लॅपटॉपच्या ड्राइव्हला हात न लावता यूएसबीने जोडायचा दुसरा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या आणि तो १ वर ठेवा. प्रत्येक ड्राइव्हचा हिशेब स्वतंत्र असतो, त्यामुळे आतला ५ वर, बाहेरचा १ वर आणि त्यापुढे कोणालाच बदलाची गरज उरत नाही. हे ड्राइव्ह आता फार महाग नाहीत. वाशीच्या किंवा ठाण्याच्या संगणकाच्या दुकानांत मिळतात, नाहीतर लॅमिंग्टन रोडला मिळतात. घेताना एवढेच पाहा की ड्राइव्ह सीलबंद आहे. वापरलेला ड्राइव्ह स्वस्तात मिळाला तर दुकानातच संगणकाला जोडून डीव्हीडी रीजनचा टॅब पाहा, कारण शून्य बदल उरलेले ड्राइव्हही विकले जातात आणि बाहेरून ते ओळखू येत नाहीत.

बाहेरच्या ड्राइव्हला रीजन देताना तुमच्या मुलीची डिस्क आत असू द्या, आणि कव्हरवर फक्त ‘१’ लिहिलेली डिस्क त्यासाठी निवडा. विंडोज त्या विभागाची डिस्क ड्राइव्हमध्ये असल्याची आणि खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असल्याची खात्री करून मगच बदल स्वीकारते. यांपैकी एक नसले तर बदल झाला नाही असा संदेश येतो आणि माणूस गोंधळून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. डिस्क फिरायची थांबेपर्यंत थांबा, टॅब उघडा, यादीतून अमेरिका निवडा, खाली ‘नवा रीजन १’ असे दिसते आहे हे वाचा आणि मग एकदाच ‘ओके’ दाबा. त्यानंतर दोन्ही ड्राइव्हच्या दर्शनी पट्टीवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर ठळक ‘५’ आणि ‘१’ लिहा. ही चिकटपट्टी मी माझ्या सगळ्या ग्राहकांना लावून देतो. घरात जो कोणी डिस्क घेऊन येतो त्याला कव्हरवरचा आकडा आणि ड्राइव्हवरचा आकडा समोरासमोर दिसतात, आणि चुकीच्या जागी डिस्क घालण्याआधीच हात थांबतो.

हे मी एका घटनेनंतर करू लागलो. काही वर्षांपूर्वी वर्तकनगरमधले एक गृहस्थ त्यांचा संगणक घेऊन आले होते. जागतिक चित्रपटांचा त्यांचा संग्रह दोनशेच्या पुढे होता आणि त्यात मुलाने अमेरिकेतून आणलेल्या तीसेक डिस्क होत्या, बाकीच्या इथे घेतलेल्या. त्यांनी अत्यंत व्यवस्थितपणे, दर वेळी डिस्कप्रमाणे रीजन बदलला होता. शेवटच्या बदलाआधी येणारी ताकीद त्यांनी वाचली होती, पण ती त्या प्लेअरपुरती आहे आणि दुसरा प्लेअर घेतला की प्रश्न सुटेल, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी टॅब उघडला तेव्हा उरलेल्या बदलांसमोर शून्य होते आणि रीजन १ होता. तो ड्राइव्ह कुलूपबंद मजकूर वाचू न देणाऱ्यांपैकी होता, त्यामुळे व्हीएलसीही चालेना. त्यांच्या कपाटातल्या जवळजवळ सगळ्या ‘५’ लिहिलेल्या डिस्क त्या संगणकासाठी बंद झाल्या होत्या. त्यांचे नुकसान एका ड्राइव्हच्या किमतीएवढेच होते हे खरे, पण त्या दिवशी त्यांना झालेला मनस्ताप मी विसरलेलो नाही. चुकीची माहिती मिळालेला काळजीपूर्वक माणूस बेफिकीर माणसाइतकाच अडकतो.

हा आकडा पूर्ववत करण्याची सोय मानकात उत्पादकाला ठरावीक वेळांसाठी दिलेली आहे, परंतु स्थानिक सेवा केंद्रात ती करून मिळाल्याचे मी कधी पाहिलेले नाही. ड्राइव्ह बदलून देणेच त्यांना सोपे पडते. ड्राइव्हचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा त्याच्या आतला प्रोग्रॅम, बदलून रीजनची तपासणीच काढून टाकण्याचे प्रकार तुम्हाला इंटरनेटवर सापडतील. ते मी कोणालाही सुचवत नाही. फर्मवेअर हे लेझरचे आणि मोटरचेही नियंत्रण करते. चुकीच्या मॉडेलचे फर्मवेअर गेले किंवा मध्येच वीज गेली तर ड्राइव्ह पुन्हा उघडतही नाही, आणि हमी तर त्याच क्षणी संपते.

दुसऱ्या ड्राइव्हचा खर्च करण्याआधी आणखी एक गोष्ट तपासून घ्या, कारण रीजनची म्हणून माझ्याकडे येणारी बरीच दुखणी प्रत्यक्षात रीजनची नसतात. आपल्याकडे ठाण्या-नेरुळला पावसाळ्यातल्या दमटपणामुळे डिस्कवर बुरशीसारखे ठिपके धरतात आणि ड्राइव्हच्या भिंगावर धुळीचा चिकट थर बसतो. लक्षण ओळखायची सोपी पद्धत अशी आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये डिस्क उघडून पाहा. ‘व्हिडिओ टीएस’ हे फोल्डर लगेच उघडले, आतल्या फाइलींची नावे आणि आकार, मोठ्या फाइली साधारण एकेक जीबीच्या, दिसत असतील आणि तरीही चित्र येत नसेल किंवा नुसते रंगीत चौकोन दिसत असतील, तर प्रश्न कुलपाचा किंवा रीजनचा आहे. याउलट फोल्डर उघडायलाच दोन मिनिटे लागत असतील, ड्राइव्ह थांबत थांबत फिरत असेल, किंवा ‘ऑल’ लिहिलेली इथली डिस्कही अडखळत असेल, तर रीजनला हात लावू नका. डिस्क स्वच्छ करा. मऊ सुती कापड किंचित ओले करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोलाकार कधीही पुसू नका, कारण गोलाकार ओरखडा लेझरच्या मार्गात लांबवर राहतो. त्यानेही फरक पडला नाही तर भिंग तपासावे लागेल.

अमेरिकेतल्या काही डिस्कबाबत वेगळी अडचणही येईल. रीजन योग्य असूनही पडद्यावर जगाचा नकाशा येतो आणि ही डिस्क तुमच्या प्लेअरवर चालणार नाही, असा मजकूर दिसतो. २००० च्या सुमारास काही स्टुडिओंनी रीजन १ च्या डिस्कमध्ये आणखी एक तपासणी घातली. डिस्कवरच्या सूचनांमधूनच प्लेअरला त्याचा रीजन विचारला जातो, आणि सर्व रीजन चालवणाऱ्या प्लेअरकडून अपेक्षित उत्तर आले नाही की नकाशा दाखवला जातो. अशा वेळी व्हीएलसीच्या ‘ओपन डिस्क’ खिडकीत ‘नो डिस्क मेनूज’ या चौकटीत खूण करून पाहा आणि टायटलचा क्रमांक हाताने द्या; मेनूच्या सूचना टाळल्या गेल्यामुळे चित्रपट बहुधा थेट सुरू होतो.

पैसे देऊन घेतलेले व्यावसायिक प्लेअर तुमच्याकडे असतील तर सावध राहा. त्यांतले काही ड्राइव्हच्या हिशेबाखेरीज स्वतःचा वेगळा रीजन आणि स्वतःचे मोजके बदल ठेवतात, आणि डिस्क घातल्याबरोबर बदलाची खिडकी दाखवणारेही बहुधा तेच असतात. नातवाने पाहिलेली खिडकी लॅपटॉपसोबत आलेल्या अशाच एखाद्या प्लेअरची असणार. तो काढून टाका किंवा विंडोजच्या ऑटोप्लेच्या सेटिंगमध्ये डीव्हीडीसाठी ‘काहीही करू नये’ असे निवडा, म्हणजे मुलांसमोर ती खिडकी येणारच नाही.

मुलीच्या डिस्कमध्ये ब्लू-रे आहेत का हे तुम्ही लिहिलेले नाही. असतील तर त्यांचा नियम वेगळा आहे. ब्लू-रेचे विभाग तीन आहेत: ए मध्ये अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया, बी मध्ये युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया आणि ऑस्ट्रेलिया, सी मध्ये भारत, चीन आणि रशिया. इथे मात्र तपासणी ड्राइव्ह करत नाही, प्लेअर करतो, म्हणजे तुमची मूळ समजूत ब्लू-रेसाठी बरोबर ठरते. व्हीएलसीच्या सर्व पर्याय दाखवणाऱ्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटच्या भागात ब्लू-रेचा रीजन निवडता येतो आणि तो कितीही वेळा बदलता येतो. परंतु विकत घेतलेल्या ब्लू-रेचे कुलूप वेगळे आणि मजबूत असल्यामुळे त्या चालवण्यासाठी व्हीएलसी एकटा पुरत नाही, परवानाधारक प्लेअर लागतो. ४के ब्लू-रेला रीजन नाही. आणि ब्लू-रे ड्राइव्हमध्ये साधी डीव्हीडी घातली की पुन्हा तेच पाच बदलांचे बंधन लागू होते, हे विसरू नका.

पाल आणि एनटीएससी या शब्दांची भीती बाळगू नका. ती चित्राची पद्धत आहे, पालमध्ये सेकंदाला २५ चित्रे आणि ५७६ ओळी, एनटीएससीमध्ये जवळपास ३० चित्रे आणि ४८० ओळी. संगणकाला दोन्ही सारखेच चालतात. टीव्हीला जोडलेल्या प्लेअरच्या बाबतीत मात्र हा प्रश्न येतो.

कायद्याविषयी तुम्ही संकोचाने विचारले आहे, त्याचेही उत्तर देतो. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षणाची तांत्रिक व्यवस्था मोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेल्या गोष्टी त्याच कलमात वगळलेल्या आहेत. मुलीने पैसे देऊन घेतलेली मूळ डिस्क घरी नातवंडांना दाखवणे आणि तिच्या प्रती काढून वाटणे, या दोन गोष्टींतला फरक तिथे महत्त्वाचा आहे. ड्राइव्हला त्याचा अधिकृत बदल वापरून रीजन देणे तर कुठलीच व्यवस्था मोडत नाही, आणि दोन ड्राइव्हचा मार्ग मला सर्वांत जास्त पटतो त्याचे हेही एक कारण आहे.

राहिल्या लेस्टरच्या सहा डिस्क. त्यांची कव्हरे नीट वाचा, कारण ब्रिटनमधल्या डिस्कवर कधी कधी ‘२’ सोबत आणखी एखादा आकडा असतो, आणि त्यात ‘५’ असेल तर आतल्या ड्राइव्हवर त्या सरळ चालतील. नुसता ‘२’ असेल तर दोन्ही ड्राइव्हवर व्हीएलसीने एकेकदा पाहा. तरीही चालल्या नाहीत, तर सहा डिस्कसाठी लॅपटॉपचे उरलेले दोन बदल खर्च करू नका. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर तो वापरून पाहा. आपल्याकडे विकल्या गेलेल्या अशा अनेक प्लेअरमध्ये सर्व रीजन आधीपासून मोकळे असतात, आणि ब्रिटनच्या डिस्क आपल्यासारख्याच पाल पद्धतीच्या असल्यामुळे टीव्हीवर त्यांचे चित्रही नीट येईल.